खोल समुद्रातील गाळाचा गाभा कसा वाचावा

महासागराच्या तळात वेधन करून वर आणलेला गाळाचा गाभा पहिल्यांदा पाहणाऱ्याची बहुधा निराशाच होते. प्लास्टिकच्या नळीसह उभी चिरलेली, जेमतेम साडेसहा सेंटिमीटर रुंदीची, राखाडी-हिरवट चिखलाची एक लांब पट्टी आणि तिच्यावर कुठे फिकट, कुठे गडद डाग, एवढेच समोर दिसते. तरीही महासागरांच्या द्रोणींविषयी आज आपण जे खात्रीने सांगू शकतो, त्यातला फार मोठा भाग याच पट्ट्यांवरून कळलेला आहे. १९६८ साली ग्लोमार चॅलेंजर या जहाजाने सुरू केलेले आणि पुढे जॉइडीज रेझोल्यूशन व चिक्यू या जहाजांनी चालवलेले वेधन शेकडो किलोमीटर लांबीचे गाभे देऊन गेले. जर्मनीतील ब्रेमेन, जपानमधील कोची आणि अमेरिकेतील टेक्सास येथील शीतभांडारांत ते जपून ठेवलेले आहेत. त्यांची छायाचित्रे, वर्णने आणि मोजमापांचे तक्ते कोणालाही पाहता येतात, त्यामुळे गाभा वाचण्याचे कौशल्य आता केवळ जहाजावर गेलेल्यांची मक्तेदारी राहिलेले नाही.

ज्याच्यासमोर गाभ्याचे छायाचित्र आणि तक्ता आहे, पण सुरुवात कुठून करावी हे उमगत नाही, अशा वाचकासाठी हे मार्गदर्शन आहे. त्यात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. गाभ्यातला गाळ काय सांगतो हे विचारण्याआधी, त्या गाभ्यात काय नाही आणि जे आहे त्यातले किती यंत्राने घडवले आहे, हे विचारावे. हा क्रम उलटला की वेधनाच्या खुणांवरून हवामानाचा इतिहास लिहिला जातो, आणि तसे घडणे वाटते तितके दुर्मीळ नाही.

आधी लेबल

प्रत्येक तुकड्यावर एक लेबल असते. उदाहरणादाखल ‘३५५-यू१४५६ए-१०एच-३’ हे लेबल घेऊ. ३५५ हा मोहिमेचा क्रमांक, यू१४५६ हे वेधनस्थळ, ए म्हणजे त्या स्थळावरचे पहिले छिद्र, १० म्हणजे त्या छिद्रातून निघालेला दहावा गाभा आणि ३ म्हणजे त्या गाभ्याचा वरून तिसरा तुकडा. एक गाभा साधारण साडेनऊ मीटर लांब असतो आणि हाताळण्यासाठी त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे केले जातात. तुकड्याच्या वरच्या टोकाला निळे टोपण आणि खालच्या टोकाला बिनरंगी टोपण लावण्याची पद्धत आहे. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तुकडा उलटा धरला गेला तर काळच उलटा वाचला जातो.

लेबलातले सर्वांत महत्त्वाचे अक्षर दहाच्या पुढचे आहे. ‘एच’ असेल तर गाभा पिस्टनने काढलेला आहे, म्हणजे पाण्याच्या दाबाने नळी न फिरवता क्षणार्धात गाळात घुसवलेली आहे, आणि अशा गाभ्यात मिलिमीटरभर जाडीचे थरही बहुतेक शाबूत राहतात. ‘एक्स’ असेल तर गाळ घट्ट झाल्यामुळे फिरत्या कडेने कापत जावे लागले आहे. ‘आर’ असेल तर ड्रिल बिट दगडासारख्या कठीण थरात शिरलेला आहे. मऊ गाळासाठी पिस्टनची पद्धत १९७९ च्या सुमारास प्रचारात आली. त्याआधीच्या गाभ्यांतला मऊ गाळ फिरत्या बिटने अनेकदा ढवळून निघालेला असतो, म्हणून जुन्या गाभ्यांतले बारीक थर वाचताना हात आखडता घेतलेला बरा.

खोलीचा हिशेब सोपा आहे. दहाव्या गाभ्याचे वरचे टोक समुद्रतळाखाली ८५ मीटरवर आहे असे समजा. तिसऱ्या तुकड्याच्या वर प्रत्येकी दीड मीटरचे दोन तुकडे आहेत, म्हणजे ३ मीटर. त्या तुकड्यात ४० सेंटिमीटरवर दिसणारा थर म्हणून ८८.४० मीटरवर येतो. तक्त्यात ‘१०३ टक्के प्राप्ती’ (वेधलेल्या लांबीच्या तुलनेत हाती आलेला गाभा) असा आकडा दिसला तर गोंधळून जाऊ नये. खोलवरचा दाब सुटला आणि वायू प्रसरण पावला की गाळ फुगतो, आणि नळीतला गाभा वेधलेल्या लांबीपेक्षा जास्त भरतो. याचा अर्थ काही निसटलेले नाही असा मात्र होत नाही. शंभर टक्के प्राप्ती असतानाही लागोपाठच्या दोन गाभ्यांमधला मीटरभर गाळ हरवलेला असू शकतो. म्हणूनच एका स्थळावर शेजारी-शेजारी दोन-तीन छिद्रे घेतात, एका छिद्रातील फट दुसऱ्या छिद्रातील गाळाने भरतात आणि चुंबकीय ग्राह्यता (गाळ किती सहज चुंबकित होतो), रंग किंवा घनता यांचे आलेख जुळवून एक सलग क्रम रचतात. हवामानाच्या बारीक चढउतारांविषयी काही म्हणायचे असेल तर हाच जुळवलेला क्रम वापरावा, कारण एकट्या छिद्राच्या आधाराने असे विधान करणे धोक्याचे आहे.

यंत्राने काय केले

आता छायाचित्राकडे वळावे, पण थर शोधायला नव्हे, इजा शोधायला. गाभ्याच्या कडांकडे थर खाली वाकलेले आणि मधोमध कमानीसारखे वर उचललेले दिसले, तर ते नळीच्या भिंतीशी झालेल्या घर्षणामुळे आहे, समुद्रतळावर तशा कमानी नव्हत्या. गाभ्याचा सर्वांत वरचा भाग मिश्र, खडेयुक्त आणि विस्कळीत असेल तर छिद्राच्या भिंतीवरून खाली पडलेला गाळ तिथे साचल्याचा संशय घ्यावा. गाभ्याच्या तळाशी उभ्या, ताणलेल्या रेघा दिसल्या तर पिस्टन वर ओढताना गाळ नळीत शोषला गेला आहे, आणि त्या लांबीचा कोणताही काळाचा हिशेब करू नये. आडव्या रिकाम्या भेगा बहुधा वायूच्या असतात.

सर्वांत फसवी खूण ‘एक्स’ प्रकारच्या गाभ्यात भेटते. काही सेंटिमीटर जाडीच्या घट्ट चकत्या आणि त्यांच्यामध्ये मऊ, पेस्टसारखा लगदा असा एकाआड एक क्रम त्यात दिसतो. प्रथमदर्शनी तो कोरड्या आणि ओल्या काळांचे चक्र वाटावा इतका नियमित असतो. प्रत्यक्षात फिरणाऱ्या कडेने घट्ट गाळाच्या चकत्या तोडलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या जागेत वेधनाचा चिखल भरलेला असतो. ओळखण्याची युक्ती अशी की चकतीच्या आतले थर बारकाईने पाहावेत. खरे थर चकतीच्या कडेला येऊन अचानक तुटतात आणि शेजारच्या चकतीत त्यांची दिशा थोडी फिरलेली असते, शिवाय मधल्या लगद्याला स्वतःची कोणतीही रचना नसते.

रंगाबद्दल इथेच एक सूचना करून ठेवतो. ताज्या गाभ्याचा हिरवा किंवा काळसर रंग हवेशी संपर्क आल्यावर काही तासांतच तपकिरीकडे झुकू लागतो, कारण गाळातल्या लोहसंयुगांचे ऑक्सिडीकरण होते. म्हणून जहाजावर गाभा चिरल्याबरोबर रंग मोजतात आणि छायाचित्र घेतात. भांडारात वर्षानुवर्षे ठेवलेला गाभा प्रत्यक्ष पाहायला मिळाला तरी रंगासाठी त्या पहिल्या छायाचित्रावरच विसंबावे.

टूथपिकच्या टोकावरचा गाळ

इजा वगळल्यावर जे उरते त्याला नाव द्यायचे, आणि त्यासाठी गाळाचा पातळ लेप दिलेली काचपट्टी (स्मिअर स्लाइड) सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. भूशास्त्रात इतके स्वस्त व इतके सामर्थ्यशाली दुसरे साधन मला माहीत नाही. टूथपिकच्या टोकावर राहील एवढाच गाळ काचपट्टीवर घ्यावा, पाण्याच्या एका थेंबात तो पसरून इतका पातळ करावा की तो जवळजवळ दिसेनासा व्हावा, मंद तापलेल्या तव्यावर वाळवावा, वर पारदर्शक चिकटद्रव्याचा थेंब आणि झाकणकाच ठेवावी व अतिनील प्रकाशात ते घट्ट होऊ द्यावे. नवशिक्याची चूक नेहमी एकच असते, गाळ जास्त घेणे. दाट पसरलेल्या गाळात सूक्ष्मदर्शकाखाली नुसता अंधार दिसतो.

आधी साध्या प्रकाशात पाहावे आणि मग ध्रुवकांची (प्रकाशाला एकाच दिशेत कंपू देणाऱ्या काचांची) जोडी परस्परांना काटकोनात आणावी. हा बदल पाहण्यासारखा असतो. क्षेत्र काळे होते, आणि त्या काळोखात एकपेशीय शैवालांच्या अंगावरच्या चुन्याच्या सूक्ष्म चकत्या, म्हणजे कॉकोलिथ, चमकू लागतात. प्रत्येकीवर एक काळा फुलीसारखा आकार असतो आणि काचपट्टी फिरवली तरी ती फुली जागची हलत नाही. डायाटम (सूक्ष्म शैवाल) आणि रेडिओलॅरिया (तरंगते एकपेशीय जीव) यांची कवचे मात्र या काळोखात दिसेनाशी होतात, कारण ती सिलिकाची असून अस्फटिकी असतात. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांचे कण राखाडी-पांढरे उजळतात, ज्वालामुखीय काचेचे धारदार तुकडे विझून जातात. साध्या प्रकाशात ताऱ्याच्या आकाराची, पाच-सहा हातांची चकती दिसली तर थबकावे. तो डिस्कोअॅस्टर, म्हणजे एका सूक्ष्म शैवालाचा चुन्याचा अवशेष आहे, आणि हा वंश सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी नाहीसा झाला. जुन्या गाळातून वाहून आलेला नसेल, तर त्या एका ताऱ्याने गाळाचे किमान वय सांगून टाकले.

सोबत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून फसफस होते का पाहावे. फसफस म्हणजे चुना आहे, आणि काहीच झाले नाही तर प्रश्न अधिक रोचक होतो.

गाळाचे नाव आणि तळाची खोली

सूक्ष्मजीवांच्या अवशेषांचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांहून जास्त असेल तर त्या गाळाला सिंधुपंक म्हणतात. फोरॅमिनीफेरा (चुन्याच्या कवचांचे एकपेशीय जीव) आणि कॉकोलिथ यांचा असेल तर चुनामय, डायाटम किंवा रेडिओलॅरिया यांचा असेल तर सिलिकामय. चुनामय सिंधुपंक दाबला जाऊन आधी खडू होतो, मग चुनखडी. सिलिकामय सिंधुपंकाचा शेवट चर्टमध्ये, म्हणजे सिलिकाच्या अतिशय कठीण खडकात होतो. सुरुवातीच्या मोहिमांना या चर्टने फार छळले. ड्रिल बिट झिजून जात आणि छिद्र अर्ध्यावर सोडावे लागे. हजारो मीटर खोल पाण्यातून त्याच छिद्रात पुन्हा नळी घालण्याचे तंत्र १९७० साली साधले, त्यामागे ही निकड होती. ज्या गाळात असे अवशेष जवळजवळ नाहीत, जो अतिसूक्ष्म व तांबूस-तपकिरी आहे, ती लाल मृत्तिका. ती हजार वर्षांत मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी साचते, तर चुनामय सिंधुपंक त्याच काळात एक ते तीन सेंटिमीटर साचतो. दक्षिण प्रशांत महासागराच्या मध्यभागी गाळ इतक्या मंद गतीने साचतो आणि त्यात सेंद्रिय द्रव्य इतके कमी असते, की २०१० सालच्या मोहिमेत समुद्रतळापासून खालच्या बेसाल्टपर्यंत गाळभर विरघळलेला ऑक्सिजन सापडला. जिथे सेंद्रिय द्रव्य भरपूर असते तिथे तो वरच्या काही सेंटिमीटरांतच संपतो.

आता या नावांचा उपयोग पाहू, आणि इथे थोडे थांबण्यासारखे आहे. चुन्याची कवचे पृष्ठभागाजवळ तयार होऊन खाली पडतात, पण खोल पाणी थंड, जास्त दाबाचे आणि कार्बन डायऑक्साइडने अधिक भारलेले असल्यामुळे ती विरघळू लागतात. एका विशिष्ट खोलीखाली जितका चुना पडतो तितका सगळा विरघळून जातो. आज ही मर्यादा प्रशांत महासागरात सुमारे साडेचार किलोमीटरवर आणि अटलांटिकमध्ये सुमारे पाच किलोमीटरवर आहे. जहाजातून जर हा तळ पाहता आला असता तर पाण्याखालच्या डोंगरांच्या माथ्यांवर पांढरा चुना आणि खोल दऱ्यांत तपकिरी माती दिसली असती, बर्फाच्छादित पर्वतावरच्या हिमरेषेसारखी.

आता यात तळाची हालचाल मिसळावी. समुद्रतळ मध्य महासागरी पर्वतरांगेवर सुमारे २,५०० मीटर खोलीवर जन्मतो, आणि तिथून दूर सरकताना थंड होऊन खचत जातो. सुमारे ७ कोटी वर्षे वयापर्यंत त्याची खोली एका साध्या नियमाने काढता येते. वय दशलक्ष वर्षांत घ्यावे, त्याचे वर्गमूळ काढावे, ३५० ने गुणावे आणि २,५०० मिळवावे. तळ १ कोटी ६० लाख वर्षांचा असेल तर १६ चे वर्गमूळ ४, म्हणून खोली ३,९०० मीटर. ३ कोटी ६० लाख वर्षांचा असेल तर ४,६०० मीटर. म्हणजे मर्यादा साडेचार किलोमीटरवर असेल, तर दरम्यान कधीतरी त्या तळाने ती ओलांडली. गाभ्यात हे असे दिसते: सर्वांत खाली बेसाल्ट, त्यावर चुनामय सिंधुपंक, आणि त्यावर लाल मृत्तिका. वर चुना नाही, याचा अर्थ वरच्या पाण्यातले जीव मेले असा मुळीच नाही. जीव तेवढेच होते, तळ खाली गेला. प्रशांत महासागराचा तळ वायव्येकडे सरकताना विषुववृत्ताखालून गेला असेल, तर विषुववृत्तीय सुपीक पाण्यातून पडलेल्या रेडिओलॅरियांचा पट्टाही या क्रमात मध्येच भेटतो. गाभ्यातला उभा क्रम हा अशा रीतीने त्या जागेच्या आडव्या प्रवासाची नोंद असतो, आणि ही गोष्ट एकदा लक्षात आली की गाभ्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

मर्यादा स्वतःही वर-खाली होते. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हवेत आणि समुद्रात अल्पावधीत प्रचंड कार्बन शिरला तेव्हा ती फार वर आली. दक्षिण अटलांटिकमधील वॉल्व्हिस कटकावर (समुद्राखालच्या डोंगररांगेवर) २००३ साली सुमारे अडीच ते पावणेपाच किलोमीटर पाण्याच्या वेगवेगळ्या खोल्यांवर सहा ठिकाणी वेधन केले गेले, आणि या काळाच्या पातळीवर फिकट सिंधुपंकात गडद तांबूस मातीचा थर त्यातल्या पाच ठिकाणी मिळाला. त्याची खालची सीमा धारदार आहे आणि वरची हळूहळू फिकट होत जाणारी. आम्लता झपाट्याने वाढली आणि समुद्राला सावरायला दीर्घ काळ लागला, हे त्या दोन सीमांच्या फरकावरून वाचता येते.

टक्केवारीच्या तक्त्याबाबत एक सावधगिरी इथेच नोंदवावी लागेल. समजा चुना ९० टक्के होता आणि वरच्या थरात ८० टक्के झाला. घट किरकोळ वाटते. पण चुन्याव्यतिरिक्तची माती पूर्वीइतकीच पडत राहिली असेल, तर आधी ९० भाग चुन्याला १० भाग माती होती आणि आता ती १० भाग माती एकूण ५० भागांचा पाचवा हिस्सा आहे, म्हणजे चुना ९० वरून ४० भागांवर आला. निम्म्याहून अधिक चुना गेला आणि तक्त्यात फक्त दहा टक्के दिसले. उलट, चुना तेवढाच राहून माती दुपटीहून जास्त पडली असेल तरीही तक्ता हेच सांगेल. म्हणून टक्केवारीवर थांबू नये. साचण्याचा वेग आणि कोरडी घनता यांनी गुणून दर चौरस सेंटिमीटरमागे हजार वर्षांत प्रत्येक घटक किती साचला ते काढावे, आणि मगच कारणाविषयी बोलावे.

सीमा कशी आहे

थराच्या आतल्या मजकुराइतकीच त्याची सीमाही बोलते. खाली धारदार कड, तिच्यावर वाळू, वाळूच्या वर गाळवट आणि शेवटी माती, असा वर बारीक होत जाणारा क्रम दिसला की तो टर्बिडाइट समजावा. उतारावरून कोसळलेल्या गढूळ प्रवाहाने तो काही तासांत वा दिवसांत टाकलेला असतो, त्यामुळे अर्धा मीटर जाडीचा असा थर काळाच्या हिशेबात जवळपास शून्य धरावा लागतो. त्याच्या माथ्याकडे प्राण्यांच्या बिळांचे ठिपके दिसू लागतात, तिथून शांत काळ सुरू होतो. बंगालच्या उपसागरातील गाळाचा पंखा सुमारे ३,००० किलोमीटर लांब आहे आणि हिमालयातून उतरलेला गाळ तिथे असाच पोहोचतो. २०१५ सालच्या मोहीम ३५४ मध्ये ८ अंश उत्तर अक्षांशावर सात स्थळांची ओळ वेधली, तेव्हा वाळूच्या जाड थरांमध्ये चुनामय मातीचे पातळ, फिकट थर मिळाले. प्रवाहाने पात्र बदलून तो दुसरीकडे गेला की त्या जागी फक्त वरून पडणारी कवचे साचत. वय ठरवण्यासाठी हे पातळ थरच उपयोगी पडतात, वाळू नव्हे.

त्याच वर्षी अरबी समुद्रातील लक्ष्मी द्रोणीत झालेल्या मोहीम ३५५ मध्ये याहून मोठे प्रकरण हाती लागले. एका स्थळावर ३०० मीटरपेक्षा जास्त जाडीचा, वाकलेल्या, उलटलेल्या थरांचा आणि उथळ पाण्यातल्या चुनखडीच्या तुकड्यांचा ढीग मिळाला. भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या उतारावरून सुमारे १.१ कोटी वर्षांपूर्वी घसरलेला हा भूभाग आता नटराज या नावाने ओळखला जातो. उथळ पाण्यातले जीवाश्म साडेतीन किलोमीटर खोल पाण्याखालच्या गाळात सापडले की ‘समुद्र उथळ होता’ असा निष्कर्ष काढण्याआधी ते तिथे चालत आले नाहीत ना, म्हणजे घसरून आले नाहीत ना, हे तपासावे.

कधीकधी मात्र विसंगत दिसणारा थर जागच्या जागीच घडलेला असतो. १९७० साली भूमध्य समुद्राच्या खोल तळाखालून अॅनहायड्राइट आणि जिप्सम वर आले. बाष्पीभवनाने तयार होणारी ही खनिजे घसरून आलेली नव्हती. सुमारे ६० ते ५३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी असलेला संबंध आवळला गेला आणि भूमध्य द्रोणीत क्षार साचले, हे त्यातून पुढे आले.

धारदार सीमेचे सर्वांत हेलावणारे उदाहरण फ्लोरिडाच्या पूर्वेला ब्लेक नोज येथे १९९७ साली काढलेल्या गाभ्यात आहे. खाली क्रिटेशस काळातील मोठ्या, नक्षीदार फोरॅमिनीफेरांनी भरलेला फिकट सिंधुपंक. त्यावर दहाएक सेंटिमीटर जाडीचा हिरवट थर, उल्कापाताने वितळून उडालेल्या आणि पुढे मातीत रूपांतर झालेल्या काचेच्या गोळ्यांचा. त्यावर राखाडी गाळ, ज्यात जुन्या जातींच्या जागी अगदी चिमुकली, साधी कवचे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा तो विनाश तळहाताएवढ्या लांबीत मावतो.

बिळे नसणे हाही पुरावाच आहे. एरवी तळावरचे प्राणी वरचा सुमारे १० सेंटिमीटर गाळ सतत कालवत असतात, त्यामुळे एखाद्या घटनेची खूण खाली-वर पसरते. कागदासारखे पातळ थर अभंग राहिले असतील तर तळाशी ऑक्सिजन नव्हता.

वय, आणि वयातली भगदाडे

गाभ्याच्या तळटोकातील गाळ सर्वांत आधी जीवाश्मतज्ज्ञाकडे जातो. एखादी जाती प्रथम दिसते किंवा शेवटची दिसते त्या पातळ्यांना वये ठरलेली आहेत. जोडीला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या उलटापालटीची गाळातली नोंद असते. सध्याची चुंबकीय दिशा सुमारे ७ लाख ७३ हजार वर्षांपासून आहे, त्याखाली ती उलटी आहे. विषुववृत्ताजवळ यात अडचण येते, कारण तिथे चुंबकीय रेषा जवळपास आडव्या असतात आणि नळी वर येताना आपल्या अक्षाभोवती फिरलेली असू शकते, त्यामुळे उत्तर कुठे हेच कळत नाही. शिवाय पोलादी नळ्या गाळावर स्वतःचे उभे चुंबकत्व चढवतात, ते प्रयोगशाळेत आधी काढून टाकावे लागते. हिंदी महासागराच्या गाभ्यांत इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची राख हा आणखी एक भक्कम टप्पा आहे.

आलेख कागदावर स्वतः काढावा. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर खाली वाढत जाणारी खोली. समजा टोबाची राख ४ मीटरवर आहे आणि चुंबकीय सीमा ४० मीटरवर. पहिल्या टप्प्याचा वेग हजार वर्षांत ५.४ सेंटिमीटर निघतो, सीमेपर्यंतचा सरासरी वेग ५.२. दोन्ही जुळतात, हिशेब ठीक आहे. आता ६० मीटरवरचे जीवाश्म ३५ लाख वर्षांचे वय सांगतात असे समजा. मधल्या २० मीटरला २७ लाखांहून जास्त वर्षे, म्हणजे वेग हजार वर्षांत ०.७ सेंटिमीटर. इथे दोन शक्यता आहेत. एकतर गाळ खरोखरच सातपट मंद साचला, नाहीतर वेग पूर्वीचाच होता आणि सुमारे २३ लाख वर्षांचा गाळ मुळी शिल्लकच नाही. निवड करण्यासाठी पुन्हा गाभ्याकडे जावे. मंद साचलेला गाळ सहसा स्वतःची ओळख देतो: मँगनीजचे कण, माशांचे दात, विरघळून झिजलेली कवचे. खंड असेल तर एखादी तीक्ष्ण, कधी खरवडलेली, कधी घट्ट झालेली पातळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकमेकींशी न जुळणाऱ्या जाती सापडतात. तळप्रवाहांनी गाळ धुऊन नेणे समुद्रात नित्याचे आहे. दोन बिंदू सरळ रेषेने जोडून मोकळे होणाऱ्या आलेखांवर म्हणून मी विश्वास ठेवत नाही.

वय ठरल्यानंतरच ऑक्सिजनच्या समस्थानिकांकडे वळावे. फोरॅमिनीफेरांच्या कवचात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढले की पाणी थंड होते किंवा जमिनीवर बर्फ जास्त होता, बहुधा दोन्ही. कवच पुन्हा स्फटिकलेले असेल तर हे मोजमाप वाया गेले, म्हणून मोजण्याआधी फोडलेल्या कवचाची भिंत मोठे करून पाहावी.

तळाचा दगड

गाळ संपून बेसाल्ट लागतो तिथला शेवटचा हातभर गाभा सर्वांत शांतपणे पाहावा. १९६८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या ग्लोमार चॅलेंजरच्या तिसऱ्या मोहिमेत दक्षिण अटलांटिकच्या पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंना छिद्रे घेतली गेली, आणि बेसाल्टला टेकलेल्या गाळाचे वय रांगेपासूनच्या अंतराबरोबर वाढत जाते, वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या हिशेबाने, असे दिसून आले. समुद्रतळ पसरतो या कल्पनेला मिळालेला तो फार थेट पुरावा होता, आणि तो सबंध युक्तिवाद एका गृहीतावर उभा होता: तळाचा गाळ बेसाल्ट थिजल्यानंतर लगेच त्यावर पडू लागला.

ते गृहीत प्रत्येक छिद्रात पुन्हा तपासावे लागते. बेसाल्टच्या वरच्या कडेला काचेची पातळ साय असेल, तिच्या भेगांत गाळ शिरलेला असेल आणि वरचा गाळ भाजल्याची खूण नसेल, तर लाव्हा उघड्या पाण्यात थंड झाला आणि गाळ नंतर आला. त्याउलट गाळ बेसाल्टला लागून रंग बदललेला, कडक झालेला आणि त्यातले कॉकोलिथ पुन्हा स्फटिकलेले दिसले, तर तप्त शिलारस आधीपासून असलेल्या गाळात नंतर घुसला आहे. अशा वेळी वरच्या गाळाचे वय हे तळाचे वय म्हणून लिहू नये, कारण त्या दगडाच्या खाली आणखी गाळ असण्याची शक्यता आहे आणि खरा तळ अजून लागलेला नाही.